रोख्यांचा जिना

तिचा शेवटचा सरकारी रोखा संगणकात नोंदवून झाला, त्यानं बटण दाबलं, पडद्यावर एक चित्र उमटलं आणि ते पाहून तो म्हणाला, "अगं, हा तर जिना आहे." मग थोडं थांबून, मनात वाचता वाचता एखादी ओळ चुकून तोंडातून निघून जावी तसं म्हणाला, "सगळा एकटीचा." ती शेजारच्या खुर्चीत मांडीवर कागदांची फाईल घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हणालात?" "काही नाही. चहा टाकतो," असं म्हणून तो उठला. स्वयंपाकघरातून पातेलं ठेवल्याचा आवाज आला, नळ सोडल्याचा, नळ बंद केल्याचा. त्यानंतर बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. रविवारची दुपार होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीत उशा झटकत होतं. घडलं ते एवढंच, दुसऱ्याला सांगायला जावं तर सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण ती कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत बसून राहिली.

संगणकातलं ते गुंतवणुकीचं सॉफ्टवेअर म्हणजे त्याचं निवृत्तीनंतरचं ऑफिस होतं. नोकरीभर त्यानं इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. अजूनही कुणाकडे गेलं की लिफ्टचं दार लागताना तो कान देऊन ऐकायचा आणि शक्यतो जिन्यानं चढायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून स्वतःची पुंजी तपासायला घेतली, असं तोच चेष्टेनं सांगायचा. शेअरचं नुसतं नाव घातलं की सॉफ्टवेअर रोजचा भाव आपला आपण आणून ठेवतं. सरकारी रोखे मात्र सॉफ्टवेअरच्या गावीही नव्हते. ते हातानं शिकवावे लागत. कधी घेतला, केवढ्याला घेतला, व्याजाचा दर काय, ते वर्षातून दोनदा कुठल्या महिन्यांत जमा होतं, मुदत कधी संपते. पहिल्या रविवारी त्यानं तिचे रोखे शेअरच्या रकान्यात घातले तर सगळे तांबड्या अक्षरांत आले, जणू तिचं दिवाळंच निघालं होतं. व्याजाचे दर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो, त्याचा तो परिणाम. तिचा चेहरा बघून तो म्हणाला होता, "तो आकडा विकणाऱ्यासाठी असतो. शेवटपर्यंत धीर धरणाऱ्याचा एक पैसा कमी होत नाही." मग त्यानं रोख्यांसाठी वेगळा रकाना केला, आणि पुढचे काही रविवार तो एकेक विचारत गेला, ती एकेक सांगत गेली. फाईल मांडीवर असून तिला फारशी उघडावी लागली नाही. सगळ्या तारखा पाठ होत्या. कल्पना त्याचीच. "लग्नाला दोन वर्षं होत आली, तुझे रोखे फाईलीत आणि माझे पैसे इथे. एका जागी दिसू देत की." आणि ती हो म्हणाली होती, कुणी क्षणभर पेन मागावं आणि आपण द्यावं इतक्या सहज.

चित्र साधंच होतं. खाली वर्षं ओळीनं मांडलेली आणि प्रत्येक वर्षावर त्या वर्षी हातात येणाऱ्या रकमेचा एक निळा खांब. पहिला खांब याच महिन्यातला, ती साठीला पोचत होती त्या वर्षाचा. मग दरवर्षी एक. सत्तरीपर्यंत बुटके, सत्तरीनंतर चढत गेलेले, ऐंशीच्या पुढे चांगले उंच, आणि नव्वदी ओलांडल्यावर थोड्या अंतरानं एकदम काही नाही, नुसती पांढरी जागा. हे सगळं तिच्या डोक्यात कित्येक वर्षं होतं, पण तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा टेपवर ऐकला की माणूस म्हणतं, छे, मी असं बोलत नाही. तसं तिला झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्याआधी ते त्यानं पाहिलं होतं. प्रत्येक खांब कशाचा, हे तिला ठाऊक होतं. हा गुडघ्यांचा. हा डोळ्यांचा, चष्म्याच्या दुकानात सगळ्यांचे डोळे तपासणाऱ्या बाईचे डोळे दुसरं कुणी फुकट तपासणार नव्हतं. इथून पुढे सकाळी वरकामाला येणाऱ्या बाईचा पगार, इथून पुढे दिवसभर थांबणारीचा, इथून पुढे रात्री झोपायला येणारीचा. शेवटचे उंच खांब खिडकी असलेल्या खोलीचे, अशा एखाद्या ठिकाणच्या, जिथं माणसं शेवटी जाऊन राहतात. खिडकीचे तिथं वेगळे पैसे पडतात, हे तिनं चाळिशीतच चौकशी करून ठेवलं होतं.

या सगळ्याचं मूळ आत्या. वडिलांची ही थोरली बहीण लग्नावाचून राहिली आणि भावाच्या घरात, मागच्या खोलीत, म्हातारी झाली. तिला कुणी छळलं नाही. घरातलं कुणीही वाईट नव्हतं, आणि मोठेपणी हिला हेच नीट समजून घ्यावं लागलं. आत्याचा चष्मा जुना झाला होता. वर्तमानपत्र नाकाला लावून ती वाचायची. कुणाच्या तरी लक्षात यायचं, वडील म्हणायचे, "बदलायला हवा, बघू पुढच्या महिन्यात," आणि आत्या म्हणायची, "घाई नाही रे, दिसतंय मला." पुढच्या महिन्यात शाळेची फी असायची, त्याच्या पुढच्या महिन्यात दादाची सायकल. एकदा आत्यानं सगळ्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सगळे हसले, आत्या सर्वांत मोठ्यानं हसली, आणि बारा-तेरा वर्षांची ही मुलगी त्या हसण्याकडे बघत राहिली. त्या हसण्यात काय होतं त्याला तेव्हा तिच्याकडे शब्द नव्हता. पुढे सापडला. मागण्याची लाज. पुढे दादाला, वहिनीला ही चष्म्याच्या दुकानात नोकरीला कशी गेली याचं आश्चर्य वाटायचं, हुशार होती, आणखी शिकली असती. पण तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं. आणि हातात पगार आल्यावर पहिली शिल्लक घेऊन ती बँकेत गेली तेव्हा तिथल्या कारकुनानं तिला चार गोष्टी दाखवल्या, तर ही म्हणाली, "जे बुडणार नाही ते द्या." तो म्हणाला, मग सरकारी रोखे घ्या, आणि थट्टेनं म्हणाला, "पण सरकारच बुडालं तर?" "तर माझ्याबरोबर सगळेच बुडतील," ती म्हणाली, "एकटी तर नाही ना बुडणार."

पण त्या खांबांत आणखीही काही होतं, आणि ते चित्रात दिसत नव्हतं. मैत्रिणीच्या लग्नाला जाऊन आली की तिनं एक रोखा घेतला होता. आई गेली त्या वर्षी दोन. तिशीच्या उत्तरार्धात चित्रकलेचे एक मास्तर दुकानात यायचे, उगाचच यायचे, फ्रेमचा स्क्रू ढिला झालाय म्हणून, काच पुसायचं फडकं हवंय म्हणून. तिला वाटू लागलं होतं की आता कधीतरी ते बोलतील. ते बोलले. बदली झाली म्हणून निरोप घ्यायला आलोय, म्हणाले. त्या महिन्यात तिनं सगळ्यांत लांब मुदतीचा रोखा घेतला होता. मागच्या रविवारी "याची तारीख?" असं त्यानं विचारलं, तिनं सांगितली, आणि त्यानं दोन बोटांनी, जिभेचं टोक ओठांत धरून, ती बरोबर टाइप केली. त्याला काय माहीत. ती मात्र त्याच्या त्या दोन बोटांकडे बघत होती आणि तिला वाटत होतं, किती सांभाळून लावतोय हा, जणू फुटेल.

तो तिला भेटला तोही दुकानातच. गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी डोळे तपासायचे होते. भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीवरची शेवटची ओळ त्यानं एका दमात म्हणून दाखवली, इतकी घडाघडा की तिला संशय आला. तिनं पाटी बदलली. तो गप्प. मग म्हणाला, "मागच्या वेळेला पाठ करून ठेवली होती." "आणि गाडी ठोकली असतीत म्हणजे?" "म्हणून तर चालवत नाही हल्ली. परवाना फक्त खिशात बरा वाटतो." ती हसली, आणि नंतर तिच्या लक्षात आलं की दुकानात ती असं हसत नाही. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या गावी नांदत होती. चष्मा घ्यायला आला, मग चष्मा नाकावर नीट बसत नाही म्हणून आला, मग कशासाठीच नाही असा आला आणि तसं सरळ म्हणालाही, "आज काही काम नाही. सहज आलो." त्यानंतर वर्षभरानं दोघांनी चार माणसांत लग्न केलं. मुलगी आली होती, तिनं हिला पहिल्याच दिवशी "मावशी" म्हणून तो प्रश्न सोडवून टाकला. हिचा प्रश्न मात्र सुटेना. नवऱ्याला हाक काय मारायची? "अहो" तिच्या तोंडातून निघेना, दुसऱ्याच्या दारावरची पाटी वाचल्यासारखं वाटे. "अरे" तर अशक्य. मग ती "तुम्ही" म्हणायची पण हाक मारायचीच नाही. तो दुसऱ्या खोलीत असला की जाऊन समोर उभी राहायची. त्यालाही ते कळलं असावं, कारण तिची पावलं ऐकूनच तो मान वर करायचा.

चहा आला. त्यानं कप तिच्यासमोर ठेवला आणि चित्राकडे न बघता विचारलं, "हा या महिन्यात संपणारा, हा कशाचा होता?" ती म्हणाली, "गुडघ्यांचा." "तुझे गुडघे तर चांगले आहेत." "घेतला तेव्हा कुठं माहीत होतं." तो हं म्हणाला. "आणि हे मोठे?" तिनं सांगितलं, रात्रीची बाई, खिडकी, सगळं, सांगताना आपला आवाज दुकानातल्यासारखा होतोय हे तिला ऐकू येत होतं, अमुक काच इतक्याला, तमुक काच तितक्याला. तो ऐकत राहिला. मग त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला (पुसू नका म्हणून तिनं शंभरदा सांगितलं होतं), पुन्हा घातला आणि "मी जरा पाय मोकळे करून येतो," म्हणून बाहेर पडला. अंधार पडायच्या सुमाराला परत आला तेव्हा जेवणापुरतं बोलला.

सोमवारी तो गप्पगप्पच होता. मंगळवारी ती दुकानातून आली तर तिच्या कपाटाची कित्येक महिने लटपटणारी मूठ त्यानं घट्ट बसवून ठेवली होती, बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. रागावलेली माणसं अशीच कामं काढतात, ती मनाशी म्हणाली. दादा वहिनीशी भांडला की घरातले सगळे नळ दुरुस्त व्हायचे. एखादं माणूस आपल्याकडे राहायला बोलवावं, आणि घर दाखवताना त्याच्या लक्षात यावं की सगळ्या खोल्या आपण आधीच एकेकाच्या नावानं वाटून टाकल्यात, त्याच्यासाठी ओट्याचा कोपरासुद्धा नाही, तसं त्याला झालं असणार. लग्नानंतर तिनं तीन रोखे घेतले होते. तेही त्याच जिन्यात, वरच्या टोकाला. घेताना तो शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता, आणि त्याला सांगावं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. लपवलं असतं तर निदान लपवलं तरी म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारं जोडपं आलं. ती त्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत होती, ही बरी की ही, ही बरी की ही, आणि ते दर वेळी बायकोकडे वळून विचारत, "काय गं, कुठली बरी?" बायको म्हणाली, "अहो, दिसायचंय तुम्हाला." काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. हिला हसू आलं नाही. आपण असं वळून कुणाला विचारलं असतं का, हे ती आठवून पाहत होती. मधल्या सुट्टीत तिनं रोख्यांचे व्यवहार करणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई समजूतदार होती. "मॅडम, आत्ता सगळे विकलेत तर पडत्या भावात जातील. एवढी वर्षं ठेवलेत, मुदतीपर्यंत ठेवलेत तर पूर्ण मिळतील. अडचण आहे का काही?" "अडचण नाही," ती म्हणाली. "मग?" उद्या कळवते म्हणून तिनं फोन ठेवला.

बुधवारी संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. "मी रोखे विकायचं म्हणतेय."

"कुठले?"

"सगळे."

त्यानं घास ताटात ठेवला. "पैशांची नड आहे का काही?"

"नाही. दोघांच्या नावावर काहीतरी घेऊ. नव्यानं मांडू. ते जे आहे ते बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही?"

"तुम्हाला. त्या दिवशी म्हणालात ना तुम्ही, सगळा एकटीचा म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग एकदम कडक आवाजात, लिफ्टला टाळं ठोकणाऱ्या तपासनिसाच्या आवाजात म्हणाला, "त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही."

"माझे आहेत ते."

"म्हणूनच. मी तुझ्याआधी जाणार. वय बघ माझं. ते वरचे खांब आहेत ना, तिथं मी नसणार. तिथं तुला ती बाई लागेल आणि ती खिडकीही लागेल. आणि तू ते मोडून माझ्या नावावर काहीतरी घेणार? शहाणी आहेस का तू?"

"अहो, गप्प बसा," ती म्हणाली.

म्हणाली आणि दोघंही थबकले. दोन वर्षं जो शब्द गोंजारून, दटावून बाहेर आला नाही तो असा, भांडणात, दार ढकलून आला होता. आपण रडतोय की काय असं तिला वाटलं, पण ते रडणं नव्हतं, संताप होता. त्याच्यावरही नाही, त्याच्या त्या ठाम वाक्यावर, तिथं मी नसणार. कुणी सांगितलं याला? कुणी विचारलं होतं? त्याला जागा केली नाही म्हणून ती चार दिवस आतल्या आत जळत होती, आणि हा तर जागा आधीच सोडून उठला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. एक दोरसुद्धा लिफ्ट पेलतो. तरी बनवणारे चार-पाच दोर लावतात. इतक्या वर्षांत मी एकाही इमारतीच्या मालकाला सांगितलं नाही, की बाबा, लिफ्ट छान चाललीय, आता बाकीचे काढून टाक."

"म्हणजे तुम्ही त्यातला एक दोर?"

"मी कसला दोर? मी आत बसलेला माणूस."

तिला हसू आलं आणि त्या हसण्याचा राग आला. "मग रविवारपासून दुखावल्यासारखे का वागताय?"

"कोण दुखावलंय?"

"तुम्ही. धड बोलत नाही. फिरायला जाता. कपाटाच्या मुठी बसवता."

तो चकितच झाला. मग त्याचा चेहरा, तिनं आजवर न पाहिलेल्या तऱ्हेनं, ओशाळा झाला. ताटातली शितं बोटानं एका कडेला सारत तो बोलू लागला, आणि बोलताना तिच्याकडे बघत नव्हता. "माझं पहिलं लग्न झालं तेव्हा आमच्या घरात बाईमाणूस हवं होतं आणि तिच्या घरी मुलगी उजवायची होती. संसार चांगला झाला, तिला मी कधी नावं ठेवणार नाही. पण सुरुवात अशी झाली. ती गेल्यावर जो भेटेल तो म्हणायचा, कुणीतरी बघ, पुढं कोण करणार तुझं. मग तू. मी आपलं धरूनच चाललो होतो की हेही तसंच. बाई एकटी, वय होत चाललंय, आधार हवा. यात वाईट काही नाही, मीही त्यातलाच. रविवारी ते चित्र पाहिलं. सगळं होतं त्यात. गुडघे होते, डोळे होते, रात्रीची बाई होती. तुला कुणाची म्हणून गरज नव्हती. मग माझ्याकडे आलीस कशाला?" तो थांबला. "हौसेनं आलीस," तो म्हणाला. "माझ्याकडे या वयात कुणी हौसेनं आलंय. चहा टाकायला म्हणून आत गेलो तो गॅस पेटवायचाच विसरून उभा राहिलो. तेव्हापासून हे घेऊन हिंडतोय आणि तू म्हणतेस दुखावलात."

नंतर ताटं उचलली गेली, ओटा पुसला गेला, कुणी काय उचललं आणि कुणी काय पुसलं ते तिला आठवेना. हौस हा शब्द तिच्या घरात दुसऱ्यांसाठी होता. दादाला गाण्याची हौस, वहिनीला साड्यांची, आईला माणसांची. हिला कसली हौस आहे असं कुणी कधी म्हटल्याचं तिला स्मरत नव्हतं, आणि तिनं स्वतःही तसं कधी म्हटलं नव्हतं. ही शहाणी, ही समजूतदार, हिची काळजी नाही. पुढच्या दिवसांत दुकानात काचा बदलताना ती तो शब्द काढून बघायची आणि परत ठेवायची. खरंच का तसं होतं? "सहज आलो" म्हणून जो दारात उभा राहिला होता त्याला पाहून आपल्याला काय वाटलं होतं? तिला आठवलं, की त्या दिवशी पाऊल वाजलं तेव्हा तिनं आधी समोरच्या आरशात केस ठीक केले होते आणि मग वर पाहिलं होतं. त्यासाठी तिनं कुठलाही रोखा घेतला नव्हता. ते कुठल्याच वर्षात मांडलेलं नव्हतं.

महिनाअखेरीला पहिल्या रोख्याची मुदत संपली आणि पैसे बँकेत आले. एरवी त्या रकमेचं काय करायचं हे ठरलेलं असे. जिन्याच्या वरच्या टोकाला आणखी एक पायरी. कंपनीतली ती समजूतदार बाई आपणहून फोन करून म्हणाली, "मॅडम, लांब मुदतीचे चांगले आलेत, बुक करू का?" आणि तिनं स्वतःला म्हणताना ऐकलं, "आत्ता नको." दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाच्या मालकीणबाईंना विचारलं, मला बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर सुट्टी मिळेल का, त्या वेळेचा पगार कापा. तिनं ते असं विचारलं, जणू ती काहीतरी फारच मोठं मागत होती. मालकीणबाई काळजीत पडल्या. "बाई, तब्येत बरी आहे ना? घरी कुणी आजारी?" "नाही, सगळं चांगलं आहे." "मग कशासाठी?" ती म्हणाली, "काही नाही. घरी जायचंय." मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्याही ओठांवर काहीतरी हललं. "जा की मग," त्या म्हणाल्या. पगारात पडणारी तूट त्या पैशांतून निघणार होती, वर्ष-दोन वर्षं तरी आरामात निघणार होती. गुडघे शाबूत होते. त्यांचे पैसे ती दुपारींवर उधळणार होती.

रविवारी त्यानं सॉफ्टवेअर उघडलं. मुदत संपलेल्या रोख्यासमोर दोन पर्याय होते, पुन्हा गुंतवले की काढून घेतले. "काढून घेतले," ती म्हणाली. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "कशासाठी म्हणून लिहू? इथं लिहायला जागा आहे." "लिहायलाच हवं का?" "नाही, तसं काही नाही." "मग राहू दे कोरं." त्यानं बटण दाबलं, पहिला बुटका खांब पडद्यावरून गेला आणि बाकीचे होते तिथंच, होते तसेच उभे राहिले. दुपारच्या सुट्टीचं तिनं त्याला सांगितलं नाही. का सांगितलं नाही हे तिलाही नीट कळलं नाही, पण त्या न सांगण्यात एक गंमत होती आणि ती तिनं चार दिवस गालात गोळी धरून ठेवावी तशी धरून ठेवली.

बुधवारी जेवणाच्या वेळेला ती दुकानातून बाहेर पडली. हा रस्ता तिनं वर्षानुवर्षं सकाळी आणि संध्याकाळी पाहिला होता, दुपारी कधी नाही. सकाळी ज्या भिंती सावलीत असत त्यांच्यावर आता लख्ख ऊन होतं, आणि एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, निळी काच लावलेली एक गोल खिडकी होती जी तिनं आजवर पाहिली नव्हती. शाळेतून सुटलेली मुलं घोळक्यानं चालली होती. एक टपालवाला सायकल टेकवून झाडाखाली डबा खात होता. दुपारी इथं इतकी माणसं नुसती असतात, याचं तिला नवल वाटलं. घराजवळ आली तसा तिच्या पावलांना वेग आला आणि मग तिनं तो मुद्दाम कमी केला. किल्लीनं दार हळूच उघडलं. बाहेरच्या खोलीत तो नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ती उभी राहिली.

तो ओट्याशी, बनियनवर, पाठमोरा उभा होता. डाव्या हातात पातेलं धरलं होतं, उजव्या हातात वाढायचा मोठा डाव, आणि सकाळचं उरलेलं तो तसंच, थंडच, उभ्या उभ्या डावानं खात होता, खिडकीतून बाहेर बघत. रोज संध्याकाळी ती विचारायची, "जेवलात ना नीट?" आणि रोज तो सांगायचा, "हो, गरम करून, ताट वाढून घेऊन, अगदी व्यवस्थित." इतकी वर्षं एकट्या घरात तो असाच जेवत आला असणार. लग्नानंतरही दुपारपुरतं ते एकट्याचं घर तसंच राहिलं होतं, आणि तिनं ते पाहिलं नव्हतं.

पावलं ऐकून त्यानं वळून पाहिलं. डाव हवेतच राहिला. हनुवटीला एक शीत चिकटलं होतं. "तू? आत्ता?" तो म्हणाला, आणि लगेच पातेलं मागे लपवल्यासारखं ओट्यावर ठेवत, "थांब, ताट घेतो. गरम करतो. पाच मिनिटं बस."

"नको," ती म्हणाली. तिनं पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले, मांडणीतून एक चमचा काढला आणि ओट्यापाशी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. खिडकी एकच होती आणि तिच्यासमोर तो उभा होता.

"सरका जरा," ती म्हणाली.

तो सरकला.